तिसरा धागा

"आप्पा, हातोडी थांबवू नका. मठारता मठारताच बोला," मृण्मयी म्हणाली.

आप्पांनी हातोडी थांबवली आणि मग विचारलं, "काय बोलू?"

ठोके थांबताच पाळण्यातलं तिचं बाळ चुळबुळलं. तांबटाच्या घरातली मुलं त्या आवाजातच झोपतात.

पक्षाघाताचा झटका आल्यापासून आप्पांचा मेंदू एका वेळी एकच काम करायचा. चालताना बोलता यायचं नाही, बोलताना हात थांबायचा. पूर्वी हंडा मठारताना ते मोकळ्या गळ्याने गायचे, ते गाणं बंद झालं होतं. आता त्यांच्या कानामागे मेंदूला सूचना देणारं बटणाएवढं यंत्र बसवलं होतं. त्याला 'बेसिक' ही संगणकाची भाषा कळायची आणि मृण्मयीला ती शाळेपासून यायची. तिने प्रोग्रॅममध्ये दोन धागे लिहिले होते, एक हाताचा, एक गळ्याचा. एकाने दुसऱ्याची वाट न बघता चालायचं.

तिने प्रोग्रॅम सुरू केला.

बराच वेळ नुसतीच हातोडी वाजत राहिली. मग ठोक्यांमधून आवाज उमटला, घोगरा, पण सुरात. हात थांबला नाही.

बाळाने हे गाणं कधीच ऐकलं नव्हतं. ते दचकून रडू लागलं. मृण्मयी धावली, पण तिच्या आधीच पाळणा झुलू लागला होता. त्याची दोरी आप्पांच्या पायाच्या अंगठ्यात होती. गाणं चालू होतं, हातोडीही चालू होती.

तिने प्रोग्रॅम वरपासून खालपर्यंत वाचला. पायासाठी त्यात एकही ओळ नव्हती.