किनाऱ्यावरच्या दोन खुणा

कॅराव्हॅन पुन्हा डावीकडे सरकली होती.

हेझलने चष्मा पुसला. सकाळी किनाऱ्यावर राहणाऱ्या डोरीनची पांढरी कॅराव्हॅन, म्हणजे तिचं चाकांवरचं घर, आणि तिच्यामागे टेकाडावरच्या शाळेचं धुराडं अगदी एका रेषेत होतं. आता धुराडं एकीकडे आणि कॅराव्हॅन दुसरीकडे.

याचा अर्थ एकच. बोटीचा नांगर सुटला होता आणि बोट वाऱ्याबरोबर मागच्या खडकांकडे चालली होती.

नऊ वर्षांपूर्वी होबार्ट शहरातलं घर विकून तिने आणि तिच्या नवऱ्याने, मर्वने, ही बोट घेतली होती. आता घर म्हणा, संसार म्हणा, जे काही होतं ते हेच. आणि हेझलला तिचं इंजिनसुद्धा धड सुरू करता येत नव्हतं. ते काम मर्वचं.

मर्व छोट्या होडीतून गॅसची टाकी भरून आणायला गेला होता. जाण्याआधी त्याने दाढी केली, निळं स्वेटर चढवलं. त्याच्या उजव्या कोपराला हेझलने लाल लोकरीचं ठिगळ लावलं होतं, कारण निळी लोकर संपली होती.

"लांबूनसुद्धा ओळखू येशील," ती म्हणाली.

तो हसला नाही. "खुणांवर लक्ष ठेव. त्या रेषेत आहेत तोवर तू जागच्या जागी आहेस."

एरवी मर्व खुणा फार पारखून घ्यायचा. दीपगृह, चर्चचा मनोरा, एखादा कातळ. या खाडीत आल्यावर मात्र त्याने इकडेतिकडे न बघताच कॅराव्हॅनकडे बोट दाखवलं. तशी तीही वाईट खूण नव्हती. तीन वर्षं एकाच जागी उभी, चाकं गवतात बुडालेली. कालच मर्वने ते गवत कापून दिलं. एकटी बाई, तिला कोण करून देणार, म्हणाला. हेझलने डोरीनसाठी केकसुद्धा पाठवला होता.

ती धडपडत पुढे गेली आणि नांगराची पकड बसावी म्हणून आणखी साखळी पाण्यात सोडली. हात सोलवटले. लग्नाच्या वाढदिवसाला मर्व क्लबात सगळ्यांसमोर म्हणाला होता, हेझल म्हणजे माझा नांगर. तेव्हा तिला केवढं बरं वाटलं होतं.

मागे वळून पाहते तो कॅराव्हॅन आणखी लांब गेलेली. तिने रेडिओ उचलला. शेवंडी पकडणारा म्हातारा कोळी बर्नी शेजारीच नांगर टाकून होता.

"बर्नी, आमचा नांगर सुटलाय. मर्व नाहीये इथे. लवकर ये."

"घाबरू नकोस पोरी. मी बघतोय की तुला. साखळी सोडलीस तेवढीच मागे आलीस. बाकी हातभर हललेली नाहीस."

"हललेय रे. खुणा रेषेत नाहीत आता."

"कुठल्या खुणा?"

"शाळेचं धुराडं आणि डोरीनची कॅराव्हॅन."

"चाकांवरची खूण?" बर्नीने विचारलं.

"मर्वने घेतल्यात," ती ठासून म्हणाली. मर्वची खूण आजवर चुकली नव्हती.

"बरं," बर्नी म्हणाला. "मर्व कुठाय?"

"गॅस आणायला गेलाय."

"तू बस जरा. चहा टाक. मी येतोच."

"चहा कसला टाकू? बोट खडकावर चाललीय."

"नाही गं जात बोट," तो म्हणाला. त्याचा आवाज एकदम मऊ झाला होता आणि तिला तो मुळीच आवडला नाही.

तिने केबिनमधून दुर्बीण आणली. किनाऱ्यावर त्यांची छोटी होडी भरतीच्या रेषेच्याही वर ओढून पालथी घातलेली होती. वल्ही खाली नीट ठेवलेली, मर्व हिवाळ्यात ठेवायचा तशी. शेजारी गॅसची टाकी. त्यापलीकडे, कॅराव्हॅनच्या जागी, पिवळ्या पडलेल्या गवताचा लांबट चौकोन.

ती दुर्बीण हळूहळू वर नेत गेली. टेकाडाच्या रस्त्याने एक पिकअप पांढरी कॅराव्हॅन ओढत चढत होती. गाडी चालवणाऱ्याने उजवं कोपर खिडकीबाहेर काढलं होतं.

कोपरावर लाल ठिगळ होतं.