पोचणार असशील तिथे

"अगं, मी आहे तिथे नाही टाकायचा! मी पोचणार असेन तिथे टाकायचा!" यतिन डँडेनॉन्गच्या त्या रिकाम्या पार्कात पलीकडून ओरडला.

सुखदाने मास्कमागे तोंड वाकडं केलं. पळणाऱ्याला मास्क माफ, उभं राहणाऱ्याला सक्तीचा. लॉकडाऊनचा नियमच तसा. आयसीयूतली शिफ्ट मास्कमध्ये काढून ती पुन्हा मास्कमध्येच, आणि नवरा मोकळ्या तोंडाने बागडतोय. व्यायामासाठी दिवसाकाठी एक तास बाहेर पडायची मुभा, तोही ह्या सोललेल्या नारळासारख्या चेंडूपायी जात होता.

यतिन क्लबच्या अमेरिकन फुटबॉल टीममध्ये वाइड रिसीव्हर. म्हणजे पार कडेला उभं राहायचं, खेळ सुरू झाला की सुसाट पळायचं आणि दुसऱ्याने फेकलेला चेंडू झेलायचा. सीझन केव्हाच रद्द झाला होता, पण हातमोजे, खिळ्यांचे बूट, दातांचं कव्हर, सगळा शृंगार रोजचा. पोट तेवढं सीझनची वाट न बघता पुढे आलेलं.

"आणि चेंडू आलाच नाही तर?"

"तरी पळायचं! मागे बघत बसलं की संपलं. विश्वास लागतो, मॅडम."

विश्वास म्हणे. देशाच्या पार दुसऱ्या टोकाला असलेल्या डार्विनच्या हॉस्पिटलला आज संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं होतं. तिला कधीची हवी असलेली सीनियर नर्सची जागा. आणि आठवडाभर ह्याचं एकच पालुपद, "बघू गं. तिथे कुठली आलीये टीम?" जशी काही इथली टीम ह्याच्यावाचून अडली होती. गेला अख्खा सीझन बेंचवर बसून संत्री सोलत होता.

तो पुन्हा पळाला. तिने चेंडू काखेत धरला, फोन काढला, दोन ओळी लिहून पाठवून दिल्या. मग कडेच्या निलगिरीच्याही पलीकडे, जिथे काळं कुत्रंही नव्हतं, तिथे नेम धरून चेंडू भिरकावला. असा झकास तिला आजवर जमला नव्हता.

"अगं, मी इथे आहे!"

"दिसतोयस ना. डार्विनला हो कळवलंय मी."

तो हात पसरलेलेच ठेवून उभा राहिला. "आणि मी?"

"मी टाकलाय. पोचायचं तुझं तू बघ."

तिने हातांना सॅनिटायझर चोळलं आणि घराची वाट धरली. मागे खिळ्यांच्या बुटांचा आवाज आला, पळतानाचा. चेंडूकडे की तिच्याकडे, ते तिने वळून पाहिलं नाही.