एका नावाला एक कार्ड

“नवऱ्याचं नाव सांगा बाई. रांग थांबलीय.”

छगन कारकुनाने खिडकीतून तिसऱ्यांदा विचारलं आणि रंगुबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार कोस पायी तुडवत ती पारनेरला आली होती. चूक या माणसाची, हेलपाटे हिला, आणि वर जबाब द्यायचा तोही हिनेच!

चूक तरी केवढी! साल दुष्काळाचं. दहा दिवसांपूर्वी रेशनच्या दुकानदाराने तिचं कार्ड परत केलं. म्हणाला, हे रद्द झालंय, कचेरीत नवं निघालंय. म्हणून मागल्या सोमवारी ती इथे आली, तर छगनने खोक्यातून नवं कार्ड काढून वाचून दाखवलं. घरात माणसं दोन. नवरा, आणि बायको केशरबाई. चौदा वर्षं संसार केलेली रंगुबाई त्यात नव्हती. आठ वर्षांची मालनही नव्हती. तेव्हापासून मायलेकी शेजारच्या राहीबाईच्या चुलीपाशी जेवत होत्या, आणि राहीबाईच्या घरात तरी कुठे कणग्या भरल्या होत्या!

“तुमच्या मालकांनी स्वतः अंगठा दिलाय,” छगन तेव्हा म्हणाला होता.

“अंगठा दिलाय म्हंजे वाचाया येत न्हाई त्यास्नी,” रंगुबाई तडकली होती. “तुमीच रंगूची केशर केली. हात तुमचा चुकतो आन् पोट आमचं मारता!”

मालक सुप्याकडे रस्त्याच्या कामावर मुकादम होते. महिन्यातून एकदा घरी येत. यंदा कामाची घाई, त्यामुळे तेही जमत नव्हतं. रंगुबाईने त्याचं काही मनावर घेतलं नव्हतं. तिचा राग होता तो त्या खोक्यावर.

लांबट लाकडी खोका, त्यात उभी लावलेली कार्डं. छगनला त्याचा भारी अभिमान. पूर्वी एका माणसासाठी चार दप्तरं चाळावी लागत. पण मागे दप्तर असो नाहीतर खोका, खिडकीवर प्रश्न एकच: घरच्या कर्त्या पुरुषाचं नाव. ते नाव म्हणजे किल्ली. किल्ली दिली की घर उघडलं. नाही दिली तर तुम्ही कोण, कुठल्या, उपाशी की जेवलेल्या, खोक्याला त्याचं सोयरसुतक नाही. आणि एका नावाला कार्ड एकच. नवं आलं की जुनं काढून फाडायचं. जुन्यात कोण होतं हे बघायची पद्धतच नव्हती. कारकुनाचं काम हलकं झालं, मग बाईमाणूस त्यातून गळून पडलं तर पडलं.

दुरुस्ती करायची तर पुन्हा तेच कार्ड काढायला हवं. पण नवऱ्याचं नाव चारचौघांत घ्यायचं कसं? लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. बायांनी यावर आपसात तोड काढली होती. पुढचीच्या नवऱ्याचं नाव मागचीने सांगायचं. मागल्या सोमवारी राहीबाई बरोबर होती. आज ती तापाने पडली होती.

रंगुबाईने मागे वळून पाहिलं. अठरा-एकोणीस वर्षांची एक पोर उभी होती. हातातला हिरवा चुडा अजून नवा होता.

“बाई, एवढं सांग गं ह्यास्नी. मढीला जत्रा भरती ना, त्या देवाचं नाव. आडनाव गाडीलकर. सुप्याकडं मुकादम हायेत.”

पोरीने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. पदर ओठांशी नेला.

“सांग की. मढीचा देव ठावं न्हाई व्हय तुला?”

पोरीने मान हलवली. ठाऊक होता. तरी शब्द फुटेना. रांग कुरकुरायला लागली. छगनने पेन्सिल आपटली आणि पुढच्या माणसाला हाक घातली. आता मात्र रंगुबाईचा तोल सुटला.

“अगं बोल की! लाजतीस काय अशी? तुज्याच नवऱ्याचं नाव हाय व्हय ते?”

रांगेतल्या बाया फिदीफिदी हसल्या. पोर हसली नाही. तिचे डोळे भरून आले.

“माजं नाव केशर,” ती म्हणाली. “कार्ड न्यायला आले हुते. पहिली वारली, असं सांगितलं हुतं मला.”

आठवडाभर रंगुबाईने कारकुनाला शिव्यांची लाखोली वाहिली होती, आणि त्या बिचाऱ्याने अक्षर न् अक्षर बरोबर लिहिलं होतं. तिचा हात शिवशिवला. समोरच्या पोरीच्या मुस्काटात द्यावी, असं वाटलं. पण पोरीचीही गालफडं बसलेली होती, आणि तिलाही फसवलेलंच होतं. रंगुबाई खिडकीकडे वळली.

“ते कार्ड ऱ्हाऊ द्या तसंच. मला माज्या नावाचं काढून द्या. रंगुबाई. मानसं दोन, मी आन् माजी मालन.”

छगन गांगरला. त्याने एक छापील कागद काढला, त्यावरून बोट फिरवलं आणि आवाज खाली आणला.

“बाईच्या नावाने निघतं तसं. पण कारण लिहावं लागतं. विधवा, नाहीतर... नवऱ्याने टाकलेली. टाकलेली लिहू?”

“त्यानं न्हाई टाकलं,” रंगुबाई अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशी म्हणाली. “म्या टाकलाय त्याला. लिवा नाव. कानिफ्या आसाराम गाडीलकर.”