नववा खांब

रामसिंगने कुऱ्हाडीच्या पाठीने नववा खांब ठोकला आणि तो थांबला. पुन्हा ठोकला. कान लावून ऐकलं. आधीचे आठ खांब ठणठणीत वाजले होते, हा आतून पोकळ होता. वाळवीने वरची साल शाबूत ठेवून गाभा फस्त केला होता. त्याने वाटीतल्या गेरूत बोट बुडवलं आणि खांबावर तांबडी फुली मारली. आधी फुली, मग नवा खांब. सात वर्षं हीच त्याची रीत होती.

डोक्यावर रिसॉर्टचा लाकडी डेक होता. तोरणमाळच्या कड्यावरून दरीत पुढे आलेला, चौदा खांबांवर पेललेला. पाहुणे तिथे उभे राहून फोटो काढत. रामसिंग त्याला मचाण म्हणायचा. खांब त्यानेच रोवले होते. रोज तोच झाडायचा, आणि पावसाळा सरला की खाली उतरून एकेक खांब ठोकायचा, फळ्यांना मोहाच्या बियांचं तेल चोळायचा. लहान असताना त्याची पोरगी सुनिता गेरूची वाटी धरून मागे मागे फिरायची.

"रामसिंग, जरा वर ये रे!" मॅनेजर नवनीतने हाक मारली. तो शहाद्याचा. हातात मोबाइल, आवाजात साखर.

"पुढला महिनापाईन हाई काम शहादानी कंपनी करी. बुकिंगवाला इचारतस, देखभाल लोकल प्रोफेशनल करतस का? मी हो लिखी टाकं."

शहादा घाट उतरून पन्नासेक किलोमीटर. रामसिंगचं घर तर समोरच्या टेकाडावर, डेकवरून दिसणारं.

"मी लोकल नई का, साहेब?"

"लोकल शे रे. पन प्रोफेशनल नई ना! तुन्हाजोडे ना मशीन, ना कार्ड." नवनीत हसला. त्याच्या मनात वाईट नव्हतं, आणि तेच जास्त झोंबलं. "बरं, खाले सगळं बराबर शे ना?"

रामसिंगच्या तोंडाशी नववा खांब आला होता. त्याने तो गिळला.

"बराबर शे, साहेब."

कुऱ्हाड आणायच्या निमित्ताने तो परत खाली उतरला. तळव्यावर थुंकला आणि गेरूची फुली पुसून टाकली. प्रोफेशनल येताहेत ना? मग त्यांनाच सापडू दे.

प्रोफेशनल आले. निळे टी-शर्ट, पाण्याच्या जोराने फळ्या धुणारं मशीन, वर काचेसारखं चमकणारं पॉलिश. दोन दिवसांत डेक असा झळकला की नवनीतने त्याचे चाळीस फोटो टाकले. खाली मात्र कुणी वाकूनही बघितलं नाही. खालचा फोटो कोण काढतो?

रामसिंग घरी बसला. दोन महिने त्याने रिसॉर्टकडे पाऊल टाकलं नाही. एवढ्यात काही होत नाही, असं तो स्वतःला समजवायचा. आणि झालंच काही, तर कळेल त्यांना मशीन काय आणि रामसिंग काय.

डिसेंबरअखेर रिसॉर्ट गच्च भरलं. पाहुण्यांना होळीचा नाच बघायचा होता. होळी अजून दोन महिने लांब, पण पाहुण्यांना कोण सांगणार? पाड्यातल्या बारा पोरी डेकवर नाचणार, हे रामसिंगने आदल्या दिवशीच ऐकलं होतं. ऐकून तो गप्प बसला.

दुपार कलली. समोरून ढोल घुमायला लागला. रामसिंग अंगणात खाटेवर बसून कुऱ्हाडीला नवा दांडा बसवत होता. प्रत्येक थापेसरशी त्याचा हात थांबत होता, पण तो उठला नाही. पोरी हलक्या असतात, त्याने मनाला सांगितलं.

बायको, सोनीबाई, पाण्याचा हंडा घेऊन आली.

"सुनिता कुठंय?" त्याने सहज विचारलं.

"नाचायला गेली. ईश्वरच्या पोरीला ताप भरला, एक कमी पडत होती. माझी चांदी घालून गेली बघ, काय नटली होती!"

कुऱ्हाड हातात तशीच घेऊन रामसिंग धावत सुटला. ओढा ओलांडला, काट्यांतून वर चढला, पहारेकऱ्याला ढकलून आत घुसला. पोरी कमरेला हात गुंफून एका तालात पाय आपटत होत्या. पॉलिश चमकत होतं.

"उतरा! सगळ्या उतरा! मचाण पडेल!"

ढोल थांबला. पोरी घाबरून कड्याच्या मातीवर आल्या. पाहुणे कुजबुजले. नवनीत अंगावर धावून आला. रामसिंगने त्याचा दंड धरून त्याला खाली नेलं, थेट नवव्या खांबाशी, आणि कुऱ्हाडीची पाठ मारली. खांबाला भगदाड पडलं. आतून नुसता भुसा ओघळला.

नवनीतने त्या भुशाकडे पाहिलं, मग दरीकडे. त्याने रामसिंगला गच्च मिठी मारली.

"तू देवमानूस शे, रामसिंग! बारा पोरी वाचाड्यात तू! उद्यापाईन हाई काम तुन्हंच!"

तो ओरडतच वर पळाला. वर टाळ्या वाजल्या. पोरींबरोबर आलेल्या त्यांच्या आया रडत होत्या, रामसिंगचं नाव घेत होत्या. दोन महिन्यांत पहिल्यांदा रामसिंगला श्वास पुरला. वर जायला तो वळला.

मागे सुनिता उभी होती. ती कधी खाली उतरली, त्याला कळलंच नव्हतं. आईची चांदी तिच्या गळ्यात होती. भगदाडाच्या वर, लाकडाच्या रेषांत, तांबडा डाग उरला होता. अर्धवट पुसलेला, चार बोटांच्या फराट्यांचा. तिने त्यावरून हळूच बोट फिरवलं. ते बोट तिने डोळ्यांजवळ धरून पाहिलं.

वर अकरा पोरी हसत होत्या, एकमेकींची घुंगरं सोडत होत्या.

"बा," तिने विचारलं, "आज ईश्वरकाकाची पोरगी आजारी पडली नसती, तर तू आला असतास?"