गार लागलेलं चाक

नव्याण्णव साली सूर्यकांत बायको-मुलीला घेऊन, गाडीमागे ट्रेलरवर बोट ओढत अबुधाबीहून उम्म अल कुवैनला निघाला होता. तासातासाने थांबून ट्रेलरच्या चाकाला हात लावून बघायचा, जास्त तापलं तर ते निखळतं, एवढं तो आता शिकला होता.

पहिल्यांदा चाक कोमट होतं. दुसऱ्यांदा माठासारखं गार लागलं. भर दुपारी, वाळवंटात!

"बरंच झालं की," विभावरी हसली. "यल्ला, चला."

गाडी आता खूपच हलकी चालत होती. सूर्यकांत खुशीत शीळ घालू लागला.

वळणावर मागे बघत आभा म्हणाली, "बाबा, लुक! द बोट इज डान्सिंग!"

त्याने बाजूच्या आरशात पाहिलं. लाटांवर असावी तशी संथ डुलत बोट मागून येत होती.

ट्रेलरची चाकं फिरत नव्हती.