आतला सदरा

मुलगा वारल्यावर लाराईने त्याचा दाशिकी सदरा पेटीत जपला होता. तो नाहीसा झाला, तेव्हा तिचा संशय जावेवर गेला. जावेचं गाठोडं उचकलं, तरी सापडेना.

आता नवऱ्याचंही लक्षण ठीक दिसेना. कानो शहराच्या भर उन्हात तो घामाने निथळत होता, पण वरचा घोळदार झगा उतरवत नव्हता.

“अहो, काय दडवताय?”

“काही नाही. आत दाशिकी आहे.”

असणारच. हौसा भाषेत त्या सदऱ्याचं नावच मुळी ‘आतला’ या शब्दावरून पडलेलं. झग्याखाली घालायचा, कुणाला दिसायचा नाही.

तिने झगा ओढलाच. आत मुलाचा सदरा होता, छातीवर ताणलेला, काखेत उसवलेला. नवरा मान वर करेना.

“काढा तो,” ती हळूच म्हणाली. “शिवण सैल करून देते.”