प्रलंबित पोळी

घरबसल्या खरेदीचं ते टीव्ही चॅनेल सोमवारी बंद पडलं. पण ते बंद पडलंच नाही असं आपण धरून चालू, कारण दिगंबररावांनी तसंच धरलं होतं.

दोन वर्षांपूर्वी बायको गेली, तेव्हा त्यांनी या चॅनेलवरून रोटीमेकर मागवला. पडद्यावरची बाई 'फक्त पाचच नग उरलेत' असं घरच्यासारखं कळवळून सांगत होती. पहिली पोळी पापड निघाली, म्हणून त्यांनी तक्रार केली. तक्रार मिटेपर्यंत ग्राहकाला रोज फोन करायचा, असा चॅनेलचा नियम होता. नगरपालिकेत तीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला एवढा नियम पुरे. आठवड्याभरात पोळ्या फुगू लागल्या; तक्रार मात्र दोन वर्षं तशीच राहिली.

रोज अकराला तक्रार विभागातली मुग्धा फोनवर विचारायची, "आजोबा, पोळी फुगली?"

"नाही गं. तू डब्यात काय आणलंस?"

सोमवारी ती म्हणाली, "लोक आता सगळं मोबाइलवर घेतात, आजोबा. आज चॅनेल बंद होतंय. सगळ्या तक्रारी मिटवायच्यात. खरं सांगा, फुगते ना?"

समोरच्या ताटात टम्म फुगलेली पोळी हळूहळू बसत होती. "फुगते," ते म्हणाले.

"मला पहिल्यापासून माहितीये. तरी रोज 'नाही'च लिहिलं."

मंगळवारी दिगंबररावांनी चॅनेलच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने अर्ज धाडला: "महोदय, अर्जदाराची पोळी पुन्हा फुगेनाशी झाली आहे. तरी सदर तक्रार प्रलंबितच ठेवून दररोज अकरा वाजता पाठपुरावा करण्यात यावा, ही नम्र विनंती."